चोवीस तासांचे अंतर

तोक्योच्या ताकेशिबा धक्क्यावरून ‘ओगासावारा मारू’ सकाळी अकराला सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ओगासावारा बेटसमूहातल्या चिचिजिमा बेटाच्या फुतामी बंदरात शिरते. मधले अंतर सुमारे १,००० किलोमीटर. कुरोशिओचा प्रवाह ओलांडताना अनेकांना बोट लागते. इतके सोसून जिथे उतरायचे ते गाव मात्र कागदोपत्री तोक्योतच असते. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर तोक्योतल्या शिनागावा विभागाचेच नाव असते. विमानतळ नाही. बोट साधारण आठवड्यातून एकदा येते आणि ती परत निघेपर्यंत आलेल्या पाहुण्याला बेटावरच राहावे लागते.

जपानच्या दूरच्या बेटांविषयी लिहिताना या अंतराचा उल्लेख एक तर गैरसोय म्हणून होतो, नाहीतर साहस म्हणून. गैरसोय म्हणणारे विमानाची वाट पाहतात. साहस म्हणणारे परत आल्यावर चोवीस तासांची गोष्ट रंगवून सांगतात. दोघांच्याही मनात केंद्रस्थानी प्रवासी असतो. मला वाटते, अंतराकडे बेटाच्या बाजूने पाहिले पाहिजे. ओगासावाराचा दगड, तिथले जीव आणि तिथली माणसे या तिघांनाही अंतरानेच घडवले आहे. म्हणून पर्यटकांच्या सोयीसाठी ते अंतर मिटवणे चूक आहे. पण ते अंतर रोज सोसणारी माणसे तिथे राहतात, आणि त्यांनी ते आपल्यासाठी तसेच सोसत राहावे असे म्हणणे त्याहून मोठी चूक आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यामुळेच हा प्रश्न अवघड होतो.

सुरुवात दगडापासून करायला हवी. आपण सह्याद्रीच्या बेसाल्टवर वाढलेली माणसे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून आपली भूमी तयार झाली, हे शाळेत शिकलेले असतो. चिचिजिमाचा दगडही ज्वालामुखीचाच, पण त्याची जात निराळी. या बेटांच्या जुन्या ‘बोनिन’ नावावरून तो जगभर बोनिनाइट म्हणून ओळखला जातो. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी पॅसिफिक भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली सरकू लागला. खाली जाणाऱ्या पट्टासोबत पाणीही गेले. त्या पाण्यामुळे प्रावरणातला तप्त खडक एरवी वितळला नसता इतक्या कमी खोलीवर वितळला, आणि मॅग्नेशियम व सिलिका दोन्ही भरपूर असलेला हा दुर्मीळ लाव्हा समुद्रतळावर सांडला. एका भूपट्टाचे दुसऱ्याखाली जाणे कसे सुरू होते, याची नोंद त्या दगडात आहे. असे खडक बहुधा खोल समुद्राखालीच राहतात आणि त्यांचे नमुने मिळवायला संशोधकांना जहाजावरून समुद्रतळ खणावा लागतो. चिचिजिमाला मात्र ते पायाखाली आहेत. पाण्यात थिजलेल्या लाव्ह्याच्या उशीसारख्या गोलाया कड्यांत दिसतात आणि काही पुळणींवरची वाळू हिरवट असते, कारण बोनिनाइट झिजून त्यातली खनिजे तिथे साचली आहेत.

ही बेटे समुद्रातूनच वर आली आणि कोणत्याही खंडाला कधीही जोडलेली नव्हती. त्यामुळे तिथे जे जीव पोहोचले ते वाऱ्याने, लाटेने किंवा पक्ष्यांच्या पंखांवरून. बेडूक आपण होऊन आला नाही. जमिनीवरचे सस्तन प्राणी आले नाहीत. एक फलाहारी वटवाघूळ तेवढे उडत आले. जे थोडे आले त्यांना मोकळी जागा मिळाली आणि ते बदलत गेले. जमिनीवरच्या मूळच्या गोगलगायींच्या इथे शंभराच्या आसपास जाती आहेत, आणि त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. कुणी झाडावर चढली, कुणी पानांच्या कचऱ्यात राहिली, आणि राहणी बदलली तसे शंखाचे रूपही बदलले.

२०११ साली ओगासावारा जागतिक वारसा यादीत गेले. जपानने प्रस्ताव मांडताना भूशास्त्र, परिसंस्था आणि जैवविविधता हे तिन्ही निकष पुढे केले होते. मान्य झाला तो एकच, परिसंस्थेचा. नियमांच्या चौकटीत तो निर्णय योग्य असेलही, पण त्या चौकटीने एकाच वस्तूचे तुकडे केले असे मला वाटते. दगड तसा नसता तर बेट इतके एकाकी राहिले नसते, आणि बेट एकाकी नसते तर गोगलगाय अशी झाली नसती. पर्यटनाच्या पुस्तिकाही हीच विभागणी करतात: एक दिवस निसर्ग, एक दिवस भूरचना, संध्याकाळी संस्कृती. अशाने बेट पाहून होते, कळत मात्र नाही.

अंतर मोडले की काय होते, याचा हिशेबही याच गोगलगायींच्या नावावर लिहिलेला आहे. बहुधा रोपांच्या मातीतून न्यू गिनीचा एक चपटा किडा चिचिजिमावर आला आणि तिथल्या मूळच्या गोगलगायी त्याने जवळजवळ संपवल्या. युद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याच्या काळात हिरवा अनोल सरडा आला. त्याने कीटक खाल्ले, आणि जी फुले त्या कीटकांवर अवलंबून होती त्यांचेही बिघडले. २०१३ साली तो शेजारच्या निर्मनुष्य आनिजिमावरही सापडला. म्हणून आज रानवाटेच्या तोंडाशी बुटांचे तळवे घासावे लागतात, कपड्यांना चिकटलेले बी काढावे लागते. काही प्रवाशांना हा देखावा वाटतो. तसे मुळीच नाही. एका बुटाच्या खाचेत अडकलेल्या मातीत लाखो वर्षांचे काम पुसून टाकण्याची ताकद आहे, हे त्या बेटाने सोसून शिकलेले आहे.

माणसांची गोष्टही वेगळी नाही. १८३० साली नॅथॅनिएल सेव्हरी हा अमेरिकन आणि त्याच्याबरोबर काही युरोपीय व हवाईहून आलेले स्त्रीपुरुष चिचिजिमावर राहायला आले. तोवर तिथे कायमची वस्ती नव्हती. व्हेलच्या शिकारीची जहाजे पाणी आणि ताज्या भाजीसाठी थांबत, त्यांच्यावर या वस्तीचा संसार चाले. १८५३ साली कमोडोर पेरी येऊन गेला. १८७६ साली जपानने बेटांवर आपला हक्क कायम केला, हाचिजोजिमाहून शेतकरी येऊन वसले, आणि आधीचे लोक जपानी प्रजाजन झाले. पुढे दक्षिणेकडच्या मायक्रोनेशियातून नाच आणि गाणी आली. ‘नान्यो ओदोरी’ हा नाच आजही बेटावर होतो आणि त्यातल्या गाण्यांचे काही शब्द गाणाऱ्यांनाही पूर्ण कळत नाहीत. हवाईची उलांडी लावलेली होडी, हाचिजोचा ढोल, वासाबीऐवजी मोहरी लावलेली सुशी, कासवाचे कालवण, हे सारे एकाच गावात. कासवाच्या कालवणापाशी निसर्गप्रेमी पाहुणा हमखास अडखळतो. त्याच गावात कासवाची पिल्ले वाढवून समुद्रात सोडतात आणि शिकारीवर मर्यादाही आहे, हे त्याने नाक मुरडण्यापूर्वी जाणून घ्यावे.

या माणसांच्या आयुष्यात अंतराचा निर्णय दरवेळी दुसऱ्या कुणीतरी घेतला. १९४४ साली युद्ध जवळ आले तेव्हा जवळजवळ सात हजार रहिवाशांना बळजबरीने मुख्य भूमीवर हलवले गेले. १९४६ साली अमेरिकी नौदलाने फक्त पाश्चात्त्य वंशाच्या कुटुंबांना परतू दिले. बाकीचे दोन दशकांहून अधिक काळ आपल्याच घराबाहेर राहिले. परतलेल्यांची मुले इंग्रजी शाळेत शिकली. २६ जून १९६८ला बेटे जपानला परत मिळाली आणि त्याच मुलांपुढे जपानी पाठ्यपुस्तक आले. एकाच आयुष्यात दोनदा, कधी तीनदा, आपण कोण हे बाहेरून ठरवले गेलेली ही माणसे आहेत. यांच्या बेटावर विमानतळ असावा की नसावा याचा निकाल मी इथे बसून देऊ लागलो, किंवा एखादा निसर्गप्रेमी तोक्योत बसून देऊ लागला, तर त्या जुन्या यादीत आणखी एका निर्णयाची भर पडेल.

तरीही प्रवाशाच्या वागण्याबद्दल बोलता येते, आणि बोललेच पाहिजे. बोटीच्या वेळापत्रकाने ओगासावारात जे साधले आहे ते कोणत्याही फलकाने साधले नसते. बोटीत नऊशेच्या आसपास माणसे मावतात, म्हणून एका वेळी येणाऱ्यांचा आकडा आपोआप बांधलेला आहे. बोट साधारणपणे तीन रात्री बंदरात थांबते, म्हणून प्रत्येकाला तीन रात्री राहावेच लागते. सकाळी उतरून संध्याकाळी परतणारा पाहुणा इथे संभवत नाही, आणि तोच पाहुणा बेटांना सर्वांत महाग पडतो: तो कचरा ठेवून जातो, पैसे फारसे ठेवत नाही, आणि चार ठिकाणी फोटो काढून घाईने निघतो. तीन रात्री राहिलेल्या माणसाला मात्र दुकानातले फळीवरचे सामान बोटीच्या आधी कसे संपत जाते आणि बोट आली की कसे भरते, हे दिसते. आपल्या जेवणातली भाजीही आपल्याच बोटीतून आली होती, हे त्याच्या लक्षात येते.

चिचिजिमाजवळच्या मिनामिजिमा या छोट्या बेटावर तर लोकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. चुनखडीचे हे बेट अर्धे समुद्रात बुडालेले आहे. खडकाच्या कमानीतून समुद्र आत येतो आणि आतल्या पुळणीवर नामशेष झालेल्या गोगलगायींचे शंख अख्खेच्या अख्खे पडलेले असतात. एकेकाळी माणसांच्या पायांनी तिथली माती उघडी पडू लागली होती. आता दिवसाला १०० जण, सोबत वाटाड्या, जास्तीत जास्त दोन तास, आणि हिवाळ्यात काही महिने बेट बंद. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवून द्यावी लागली, तेव्हा आपल्याकडे किती कुरकुर झाली हे आठवावे. संख्या ठरवणे म्हणजे लोकांना दूर ठेवणे, असे आपल्याला अजून वाटते. मिनामिजिमावर संख्या ठरवल्यामुळेच आजही तिथे जाता येते.

याच्या उलट उदाहरण म्हणून याकुशिमा बेटाकडे पाहावे. कागोशिमाहून जलद बोटीने दोन-तीन तासांत पोहोचता येते, विमानही आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात घुसलेला ग्रॅनाइट वर येऊन हे बेट झाले. त्याचे शिखर १,९३६ मीटर उंच आहे आणि पाऊस अफाट पडतो. १९९३ साली ते जागतिक वारसा झाले आणि हजारो वर्षे जुना ‘जोमोन सुगी’ हा देवदार पाहायला रांगा लागल्या. एदो काळात इथले देवदार छपराच्या फळ्यांसाठी तोडले गेले, त्या फळ्या कर म्हणून भरल्या जात. वाकडी, गाठींनी भरलेली, फळ्या न निघणारी झाडे तेवढी वाचली, आणि आज लोक त्यांचेच दर्शन घ्यायला जातात. मुळांवरची माती तुडवली जाऊ लागली म्हणून १९९६ साली झाडापासून दूर लाकडी मचाण बांधावे लागले. २०११ साली प्रवेशावर मर्यादा घालणारा ठराव गावाच्या प्रतिनिधीसभेपुढे आला आणि फेटाळला गेला. त्या सभासदांना मी दोष देत नाही. ज्या बेटाची खानावळ, बस, वाटाडे आणि दुकाने एकदा गर्दीवर उभी राहिली, तिथे गर्दी कमी करा म्हणणे म्हणजे शेजाऱ्याची चूल विझवा म्हणणे. यातून एवढे मात्र दिसते की मर्यादा गर्दीच्या आधी यायला हवी. गर्दी झाल्यावर ती घालणारे हात उरत नाहीत.

आता सर्वांत कठीण मुद्दा. ओगासावारात छोटा दवाखाना आहे, मोठी शस्त्रक्रिया होत नाही. बाळंतपणासाठी बाईला बऱ्याच आधी मुख्य भूमीवर जाऊन राहावे लागते. पक्षाघात झाला, अपघात झाला, तर तोक्योच्या राज्यपालांच्या विनंतीवरून नौदलाचे विमान येते. पाण्यावर उतरणारे विमान थेट बेटाजवळ उतरते, किंवा हेलिकॉप्टर रुग्णाला इवो जिमाच्या धावपट्टीपर्यंत नेते. यात कित्येक तास जातात. हाहाजिमा या दुसऱ्या बेटावरचा रुग्ण चिचिजिमाहूनही ५० किलोमीटर दूर असतो. मुख्य भूमीवर आई आजारी पडली आणि बोट कालच निघून गेली असेल, तर मुलाने काय करायचे? अंतराने बेट घडवले असे वर लिहिले, ते या प्रसंगी त्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार?

विमानतळाची मागणी म्हणूनच जुनी आहे आणि न्याय्य आहे. १९९०च्या दशकात तोक्यो प्रशासनाने निर्मनुष्य आनिजिमावर धावपट्टी करायचे ठरवले. जिथे मूळचे कोरडे खुरटे रान सर्वांत चांगले टिकले होते तेच हे बेट, म्हणून संशोधकांनी विरोध केला. मग चिचिजिमावरचीच दुसरी जागा निघाली. २००१ साली तीही सोडून दिली. त्यानंतर सुमारे १७ तासांत पोहोचवणारे वेगवान जहाज बांधले गेले, पण २००५ साली इंधनाचा खर्च परवडेना म्हणून ते सेवेत येण्याआधीच बाजूला पडले. आता युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीच्या परिसरात, सुझाकीला, १,००० मीटर किंवा त्याहून आखूड धावपट्टी आणि छोटी विमाने, असा विचार चालू आहे.

माझा कौल या आखूड धावपट्टीच्या बाजूने आहे, एका अटीवर. तिच्यावरच्या जागा आधी रुग्णाला, गर्भवतीला, शिकायला गेलेल्या मुलाला, म्हाताऱ्या आईबापांना भेटायला निघालेल्याला मिळाव्यात; पाहुण्याने बोटीनेच यावे आणि पाहुण्यांचा आकडा बोटीतल्या जागांशी बांधलेला राहावा. यावर लगेच आक्षेप येतो की पर्यटकांच्या तिकिटाशिवाय विमानसेवा चालणार नाही. आक्षेप खरा आहे. पण जपानने हा खर्च सरकारी तिजोरीतून करण्याचे तत्त्व केव्हाच मान्य केलेले आहे. १९५३ साली दूरच्या बेटांच्या विकासाचा कायदा झाला, १९६९ साली ओगासावारासाठी वेगळा कायदा झाला. बंदरे, वीज, शाळा या गोष्टी नफ्यावर उभ्या राहिल्या नाहीत. रुग्णाच्या प्रवासाचा खर्च पर्यटकाच्या हौसेवर टाकला, तर धावपट्टी हळूहळू त्या हौसेच्या मापाने लांब होत जाईल. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. सहा दिवसांची सुट्टी ज्याला मिळत नाही, समुद्र ज्याला झेपत नाही, त्याला हे बेट कायमचे बंद राहील. राहील, हे कबूल केले पाहिजे. मात्र जपानच्या ज्वालामुखींची आणि बेटांची ओढ असणाऱ्याला इझु ओशिमा आहे. तोक्योहून जलद बोटीने दोन तासांच्या आत पोहोचता येते. १९८६च्या उद्रेकात तिथले सुमारे दहा हजार रहिवासी एका रात्रीत बाहेर काढले गेले आणि नंतर परतून आले, ते आजही मिहारा डोंगराच्या पायथ्याशी राहतात. महाराष्ट्रातून तोक्यो-फुजी-क्योतो अशी ठरलेली सहल करणाऱ्यांनी एक दिवस तिथे दिला तरी जपान त्यांना निराळा दिसेल. प्रत्येक बेट प्रत्येकाच्या आवाक्यात असलेच पाहिजे, हा आग्रह सोडता येतो.

हे सारे शेवटी ठरवायचे कुणी आणि कसे, याबाबत मला मियामोतो त्सुनेइची यांच्याकडून शिकावेसे वाटते. हे लोकसंस्कृतीचे अभ्यासक १९०७ साली एका बेटावरच जन्मले आणि आयुष्यभर जपानची खेडी व बेटे पायी हिंडले. १९५३चा कायदा व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. केवळ कायद्याने बेट सुधारत नाही, बेटाच्या लोकांनी मनावर घेतले तरच कायद्याला अर्थ येतो, असे त्यांचे मत होते. १९५० साली ते त्सुशिमा बेटावरच्या एका गावात गेले. गावाची जुनी कागदपत्रे काही दिवस पाहायला मिळावीत एवढीच त्यांची विनंती होती. गावाने सभा भरवली. सभा संपेना. लोक विषय थोडा बोलत, मग दुसऱ्या विषयाकडे वळत, घरी जाऊन जेवून येत, पुन्हा कागदपत्रांकडे येत, अशाच एका जुन्या प्रसंगी काय झाले होते ते कुणी सांगे. मतदान नव्हते. कुणालाही सभेत हरवायचे नव्हते, कारण उद्या सगळ्यांना त्याच गल्लीत राहायचे होते. अखेरीस सगळ्यांचे जुळले आणि कागदपत्रे मिळाली. तोवर विद्वान पाहुणा थांबून राहिला.

ओगासावाराच्या धावपट्टीचा विषयही दशकानुदशके असाच चर्चेत आहे. बाहेरच्यांना ही दिरंगाई वाटते. पण १९९५ साली घाई झाली असती तर आनिजिमाचे रान आज नसते. व्हेल पाहण्याच्या सहली १९८८ साली हाहाजिमाहून सुरू झाल्या, तेव्हाही बोटवाल्यांनी व्हेलच्या किती जवळ जायचे याचे नियम आपसांत बसून ठरवले. मोकाट मांजरे लाल डोक्याच्या दुर्मीळ पारव्याला संपवत होती, तेव्हा गावकऱ्यांनी, संशोधकांनी आणि तोक्योच्या पशुवैद्यांनी मिळून मार्ग काढला: मांजरे मारायची नाहीत, पकडून त्याच साप्ताहिक बोटीने तोक्योला पाठवायची आणि तिथे त्यांना घरे शोधायची. पारव्यांची संख्या पुन्हा वाढली. इतके तारतम्य ज्या गावाने दाखवले आहे, त्या गावावर धावपट्टीचा निर्णय सोपवायला बाहेरच्या कुणी घाबरण्याचे कारण नाही. गावाने उद्या माझ्या अटीपेक्षा वेगळे काही ठरवले, पाहुण्यांनाही विमानात जागा द्यायची असे ठरवले, तर मला त्याचे वाईट वाटेल. पण तो निर्णय त्यांचाच असेल, आणि तो मान्य करून किती जणांनी यायचे, कुठल्या वाटेने चालायचे, बूट कुठे घासायचे, हे ते सांगतील तसे पाहुण्यांनी करायचे.